वाचकांचे प्रश्न : गाठीच्या अहवालातील एन्झाइम आणि किशोरवयातील गर्भारपण

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या भावाच्या मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. अहवालात ‘दुसऱ्या श्रेणीचा ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच-१ आर१३२एच पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरातले सगळे धास्तावले आहेत. हा दोष आनुवंशिक असतो का, आणि त्यावर औषध आहे का?

उत्तर : त्या ओळीने घाबरून जाऊ नका. उपचारांची दिशा ठरवण्यासाठी संपूर्ण अहवालात तीच ओळ सर्वांत उपयोगाची आहे. आयसोसायट्रेट डीहायड्रोजिनेज, म्हणजेच आयडीएच, हे प्रत्येक निरोगी पेशीत असणारे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) असून आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट तयार करणे हे त्याचे नेहमीचे काम आहे. या एन्झाइमच्या साखळीत १३२ व्या स्थानावर आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आले (अहवालातील ‘आर१३२एच’ म्हणजे हाच बदल) की त्याचे काम बदलते, आणि ते अल्फा-कीटोग्लुटारेटपासूनच २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा पदार्थ बनवू लागते. हा पदार्थ पेशीत साचला की डीएनएवरील रासायनिक खुणा पुसणारी इतर एन्झाइम्स अडखळतात, पेशी परिपक्व होऊ शकत नाही आणि विभाजित होत राहते. गाठींमधील हा जनुकीय बदल २००८ मध्ये आणि त्यातून बनणारा पदार्थ २००९ मध्ये उजेडात आला. त्यामुळे वर्गीकरणच बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये ‘ग्लायोब्लास्टोमा’ (मेंदूची अतिशय वेगाने वाढणारी गाठ) हे नाव आता आयडीएच-बदल नसलेल्या गाठींनाच दिले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन ग्लायोमांपैकी (मेंदूतील आधार-पेशींच्या गाठी; ॲस्ट्रोसायटोमा त्यांतलाच) हा बदल असलेली गाठ सामान्यतः अधिक संथपणे वाढते. या अर्थाने तुमच्या भावाचे ‘पॉझिटिव्ह’ हे तुलनेने बरे लक्षण आहे.

हा बदल जवळजवळ नेहमीच फक्त गाठीच्या पेशींत, जन्मानंतर घडलेला असतो. तो आई-वडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही, त्यामुळे भावंडांनी त्यासाठी स्वतःच्या तपासण्या करून घेण्याची गरज नाही.

औषधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी अपेक्षा भरकटतात. बदललेल्या आयडीएच एन्झाइमला अडवणारी व्होरासिडेनिब ही तोंडावाटे घ्यायची गोळी ३३१ रुग्णांवर तपासली गेली. त्या सर्वांच्या गाठी दुसऱ्या श्रेणीच्या होत्या, शस्त्रक्रियेनंतर काही भाग शिल्लक होता किंवा गाठ पुन्हा उद्भवली होती, आणि शस्त्रक्रियेपलीकडे कोणताही उपचार झालेला नव्हता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आजार पुढे न सरकता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून अधिक, निम्म्यांत कमी) औषध घेणाऱ्यांत २७.७ महिने, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी तिला मंजुरी दिली. मात्र हे आकडे आजार किती काळ थोपला याचे आहेत, रुग्ण किती वर्षे जगला याचे नाहीत. या औषधाने यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून रक्ततपासण्या नियमित कराव्या लागतात. गाठ पूर्ण निघाली आहे की काही भाग उरला आहे, आणि किरणोपचार व केमोथेरपी थोडी पुढे ढकलणे सुरक्षित आहे का, हे दोन प्रश्न भावाच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. गोळीचा विचार त्यांच्या उत्तरांनंतरच करता येईल.

प्रश्न : आईच्या ग्लायोब्लास्टोमाच्या अहवालात ‘एमजीएमटी अनमिथिलेटेड’ असे लिहिले आहे. म्हणजे केमोथेरपीचा काहीच उपयोग नाही का?

उत्तर : ‘काहीच नाही’ असे म्हणता येणार नाही, पण लाभ कमी असण्याची शक्यता आहे. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएवर घाव घालते आणि एमजीएमटी हे एन्झाइम तो घाव दुरुस्त करते. एका दुरुस्तीत त्याचा एक रेणू कायमचा खर्ची पडतो. त्याचे जनुक मिथिलेशनने (डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणेने) बंद झालेले असेल तर एन्झाइम कमी बनते आणि औषध प्रभावी ठरते. २००५ च्या मूळ अभ्यासात, मिथिलेशन असलेल्या रुग्णांचा मध्यक जीवनकाळ केवळ किरणोपचारांनी १५.३ महिने होता आणि टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर २१.७ महिने झाला. मिथिलेशन नसलेल्यांत, म्हणजे आईसारख्या ‘अनमिथिलेटेड’ रुग्णांत, हेच आकडे ११.८ आणि १२.७ होते. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले, म्हणून तो आकडा आईच्या आयुष्याची मुदत समजू नका. तिचे वय, प्रकृती आणि औषध सोसण्याची ताकद पाहून, तिला स्वतःला काय हवे आहे हे विचारून निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझी १७ वर्षांची भाची गर्भवती आहे. किशोरवयीन गर्भारपणातील धोका वयामुळे नसून गरिबीमुळे असतो, असे वाचले. मग नीट काळजी घेतल्यास चिंता नाही ना?

उत्तर : तुम्ही वाचलेले अर्धे खरे आहे. शिक्षण सुटणे, अपुरा आहार, गर्भारपण लपवावे लागणे आणि त्यामुळे तपासणीला उशीर होणे यांचा वाटा मोठा आहे. १८-१९ वर्षांच्या मुलींत तर बराचसा धोका यातूनच येतो. पण अमेरिकेतील युटा राज्यातील नोंदींवर आधारित, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. विवाहित, वयानुरूप शिक्षण झालेल्या आणि पुरेशी प्रसूतिपूर्व तपासणी लाभलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मातांनाही, २० ते २४ वर्षांच्या मातांच्या तुलनेत, कमी वजनाचे बाळ होण्याचा धोका १.७ पट आणि अकाली प्रसूतीचा १.९ पट आढळला. म्हणजे परिस्थितीचा भाग वजा केला तरी वयाचा काही भाग उरतोच. या वयात मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असू शकते, आणि वाढत्या शरीराची व गर्भाची पोषणाची गरज एकाच वेळी भागवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वर्षांच्या मातांना गर्भारपणातील झटके, प्रसूतीनंतर गर्भाशयाचा जंतुसंसर्ग आणि शरीरभर पसरणारा संसर्ग यांचाही धोका अधिक असतो.

वय बदलता येत नाही. बाकी पुष्कळ काही करता येते. तपासणी आजच सुरू करा. गर्भारपणात किमान आठ भेटी व्हाव्यात आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जावा, तसेच लघवीतील प्रथिने व हिमोग्लोबिन यांची वेळोवेळी तपासणी व्हावी. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजून उपचार करावे लागतात. एरवीही रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्याची शिफारस आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठा. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. मात्र केवळ वय कमी आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही.

तिला डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची संधी मिळाली पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो. वडीलधाऱ्यांसमोर या वयाची मुलगी त्रास सांगत नाही, आणि तिच्यावर जबरदस्ती झालेली असेल तर तेही सांगत नाही. बाळंतपणानंतर पुढचे गर्भारपण किमान २४ महिने लांबवावे, असा सल्ला दिला जातो. त्यासाठीच्या साधनांची माहिती तिला प्रसूतीपूर्वीच, तिच्याशी थेट बोलून द्यावी.