रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसू नका

तुमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या मंडळाच्या महाप्रसादानंतर वीसेक जणांना उलट्या-जुलाब झाले आणि कमिटी म्हणते, रिपोर्ट येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. माझं मत उलटं आहे. आज संध्याकाळच्या आत बोला.

मी बडोद्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी केली. एका रात्री गॅस गळाला, वास शेजारच्या गावापर्यंत गेला. साहेब मंडळी दोन तास घासाघीस करत बसली : निवेदनात ‘गळती’ लिहायचं की ‘किरकोळ बिघाड’? इकडे गेटवरचा फोन थांबेना. वॉचमन बिचारा प्रत्येकाला एकच सांगे, “साहेब मिटिंगमां छे.” त्या रात्री कंपनीतर्फे बोलणारा तो एकटाच. सकाळपर्यंत गावात तीन माणसं ‘गेली’ होती. प्रत्यक्षात कुणालाच काही झालं नव्हतं, पण आमचा कागद वाचतंय कोण!

१९८२ मध्ये शिकागोकडे टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ जण दगावले. कुणी मिसळलं ते औषधाच्या कंपनीला, जॉन्सन अँड जॉन्सनला, ठाऊक नव्हतं (अजूनही उलगडलेलं नाही). तरी कंपनीने लोकांना कॅप्सूल घेऊ नका म्हणून सांगितलं, सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. आणि ‘रिपोर्ट आपल्या बाजूने येईल’ म्हणणाऱ्यांना २०१५ च्या मॅगीबंदीची आठवण करून द्या. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली, पण जूनमध्ये गेलेला माल दुकानात परतला नोव्हेंबरात.

तर मेसेजमध्ये काय घालाल? किती जण आजारी, किती दवाखान्यात. घरी प्रसाद उरला असेल तर खाऊ नका. फोन कुणाला करायचा, एकच नंबर, आणि तो उचलणारा जागा हवा. पुढची माहिती उद्या सकाळी ९ वाजता. नऊला नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ एवढं टाकाच, नाहीतर सव्वानऊला कुणीतरी तुमच्या वतीने टाकेल. मेसेज गुजरातीतही हवा, प्रसादाला शेजारीही होतेच ना! पण त्याआधी दोघांनी आजाऱ्यांच्या घरी जाऊन या. ग्रुपवर वाचून कळलं तर लोक जन्मभर विसरत नाहीत.

‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य मात्र काढून टाका.

आणि आचाऱ्याचं नाव घेऊ नका. प्रसादाचं दूध कुठून आलं, रात्रभर कुणाच्या ओट्यावर राहिलं, हे अजून कमिटीलाच कुठे माहीत आहे?