शेवटचं पेर आणि नखाची कड

प्रिय डॉक्टर,

सप्रेम आशीर्वाद.

जिल्हा रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी आता तुझ्याकडे आली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कधीतरी चाळिशी-पन्नाशीतली एक बाई केसपेपरांचा गठ्ठा घेऊन येईल. वर ‘संधिवात’ लिहिलेलं असेल, आरए फॅक्टर (रुमेटॉइड संधिवाताची रक्तचाचणी) निगेटिव्ह असेल आणि हल्ली बोटांवर गाठी उठल्यात म्हणून तिला तुझ्याकडे पाठवलेलं असेल. तेव्हा मल्टिसेंट्रिक रेटिक्युलोहिस्टिओसायटोसिस हे लांबलचक नाव डोक्यात यायला हवं, म्हणजे त्वचेवर गाठी आणणारा आणि सांधे झिजवणारा आजार. १९५४ साली गोल्ट्झ आणि लेमन यांनी ते दिलं. जगभरात नोंदलेले रुग्ण अजून शेकड्यांतच मोजता येतात. पण ओळखायला उशीर झाला तर बोटं कायमची निकामी होतात. म्हणून दुर्मीळ आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

तिचे हात उजेडात टेबलावर पालथे ठेवायला सांग. आधी बोटांचं शेवटचं पेर बघ. रुमेटॉइड संधिवात नखाजवळचा सांधा बहुधा सोडून देतो, हा आजार नेमका तोच धरतो. मग नखाच्या मुळाशी बघ. पोवळ्याचे बारीक मणी ओवल्यासारखे लालसर-तपकिरी दाणे कडेने ओळीत बसलेले दिसले, तर निम्मं निदान तिथेच झालं. पुढे कोपर, कानाच्या पाळ्या, नाकाच्या कडा, ओठ, जीभ. तोंड उघडायला सांगायचं विसरू नकोस, कारण जवळजवळ निम्म्या रुग्णांत तिथेही गाठी असतात. साधारण दोन-तृतीयांश रुग्णांत सांधे आधी दुखतात आणि गाठी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येतात. संधिवाताचा शिक्का बसतो तो या मधल्या काळात.

आपल्याकडे सगळ्यात मोठा चकवा कुष्ठरोगाचा. कानाच्या गाठी आणि जाड झालेला चेहरा दोन्हींत दिसतो. गाठीवर कापूस फिरवला आणि स्पर्श कळला, एवढ्यावर कुष्ठरोग नाही असं ठरवू नकोस. लेप्रोमॅटस या कुष्ठरोगाच्या गाठी येणाऱ्या प्रकारात गाठीवर संवेदना टिकून असू शकते. कोपरामागची अल्नार नस चाचपून बघ आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांतून स्मिअर (जंतू बघायचा काचपट्टीवरचा नमुना) घे. ते न करता एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाची एकत्रित औषधं, चालू केली, तर बारा महिने औषध भलत्याच रोगाला जातं आणि तेवढ्या काळात सांधे झिजत राहतात.

बायोप्सीसाठी चार मिलिमीटरचा पंच (त्वचेचा गोल तुकडा कापणारं हत्यार) पुरतो. बोटावरची गाठ निवडू नकोस, हाताच्या किंवा कोपराजवळच्या गाठीतून तुकडा घे. पंच चरबीपर्यंत जाऊ दे, नुसता वरवरचा पापुद्रा आला तर अहवालात काहीच हाती लागत नाही. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन टाक. फॉर्मवर नुसतं ‘गाठ’ लिहिलंस तर उत्तर ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहाच्या पेशींचा पुंजका) एवढंच मोघम येईल आणि फाइल बंद होईल. म्हणून ‘शेवटच्या पेरांचा संधिवात, नखाच्या कडेला दाणे’ असं स्पष्ट लिही. कुष्ठरोगाच्या जंतूंसाठी फाइट रंगक्रिया आणि पेशींचा प्रकार ओळखायला सीडी६८, एस१००, सीडी१ए या खुणांच्या चाचण्या मागव. या आजारात दुधी काचेसारख्या गुलाबी पेशीद्रव्याच्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात. त्यांत सीडी६८ पॉझिटिव्ह येतं, बाकी दोन निगेटिव्ह.

साधारण चारांतल्या एका रुग्णात शरीरात कुठेतरी कर्करोग सापडतो, आणि त्याचा अवयव ठरलेला नसतो. स्तनांची तपासणी, पॅप स्मिअर, छातीचा एक्स-रे, पोट आणि ओटीपोटाची सोनोग्राफी एवढं पहिल्याच महिन्यात करून घे. लिपिड प्रोफाइलही कर, बऱ्याच जणांचं वाढलेलं असतं.

उपचार संधिवाततज्ज्ञासोबत ठरवा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सूज उतरवतं, पण एकटं सांधे वाचवत नाही. त्यामुळे मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, लवकर लागतं. या आजारातल्या पेशी हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टच्याच कुळातल्या, म्हणून झोलेड्रोनेटसारखं बिस्फॉस्फोनेट (हाडाची झीज रोखणारं औषध) काही रुग्णांत उपयोगी पडतं. तेवढ्याने भागलं नाही तर टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे.

मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी स्वतः लिही. आठवड्यातून एकदाच, आणि वाराचं नाव अक्षरात: ‘फक्त गुरुवारी’. हीच गोळी रोज घेतली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतो. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वारी दे. हिमोग्राम, यकृताच्या चाचण्या आणि क्रिएटिनिन सुरुवातीला, मग दोन आठवड्यांनी, पुढे दर महिन्याला. वय कमी असेल तर गरोदरपणाबद्दल संकोच न करता विचार.

गाठी विरल्या की रोग गेला असं समजू नकोस. त्वचा निवळत असताना आतले सांधे झिजत राहू शकतात. म्हणून दोन्ही हातांचा एक्स-रे सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने काढ आणि शेजारी लावून बघ. सांध्याच्या कडेला स्पष्ट कोरल्यासारखे खळगे वाढताना दिसले, तर औषध वाढवायचं. बाईंना दुखत नसलं तरीही.

तुझा,
सर