पहिला रॉड बांधताना : वाचकांच्या शंका

स्वतःचा पहिला मासेमारीचा रॉड बांधणाऱ्यांकडून त्याच त्या शंका वारंवार येत असल्यामुळे निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : सात फुटी ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) किती गाइड (दोर ज्यांतून जातो त्या कड्या) लावावेत?
उत्तर : साधारण आठ, मात्र आधी ते चिकटपट्टीने तात्पुरते लावून, रॉड वाकवून, दोर ब्लँकच्या बाकाबरोबर जातो का ते पाहावे.

प्रश्न : स्पाइन (ब्लँकची ताठ बाजू) चुकला तर रॉड हातात पिळतो, असे मित्र म्हणतात. खरे आहे का?
उत्तर : नाही. गाइड वरच्या बाजूला असले की ताण येताच रॉड पिळू पाहतो, मग ब्लँकची ताठ बाजू कोठेही असो. ही ऐकीव गोष्ट सोडून ब्लँक सरळ कोणत्या बाजूने दिसतो ते पाहावे.

प्रश्न : गाइड बांधणाऱ्या दोऱ्यावर लावलेले इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून केलेला लेप) तीन दिवसांनीही चिकट आहे. वरून हार्डनर लावू का?
उत्तर : मुळीच नको. हार्डनर इपॉक्सी 'वाळवत' नाही. तो रेझिनशी संयोग पावून त्याचाच भाग होतो, त्यामुळे प्रमाण चुकले की कितीही थांबले तरी चिकटपणा जात नाही. थेंब मोजून मिश्रण करणे हे या तक्रारीचे नेहमीचे कारण आहे. बाटलीवरचे प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे ते वाचावे, दोन्ही द्रवांसाठी वेगळ्या सिरिंज वापराव्यात, प्रत्येकी निदान 3 मि.लि. घ्यावे आणि कपाच्या कडा व तळ खरवडत सावकाश ढवळावे, कारण काडीला चिकटून राहिलेले कच्चे रेझिनच पुढे गाइडच्या पायाशी मऊ डाग म्हणून उरते. खोली थंड असल्यास रॉड एक दिवस उबदार जागी ठेवावा. तरीही बोट चिकटले तर नीट मिसळलेला पातळ थर वरून द्यावा. आतपर्यंत मऊ असेल तर दोरा कापून पुन्हा गुंडाळावा आणि ते आजच करावे, हंगामाच्या तोंडावर नव्हे. 'पाच मिनिटांत तयार' म्हणून विकले जाणारे गोंद या कामाचे नाहीत. ते सपाट पसरण्यापूर्वीच घट्ट होतात. हातमोजे अनिवार्य आहेत. त्वचेवर पुरळ आल्यास काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : 'हाय मॉड्युलस' ब्लँकसाठी जास्त पैसे मोजावेत का?
उत्तर : पहिल्या रॉडसाठी नको. तो शब्द तंतूंच्या ताठपणाविषयी आहे, मजबुतीविषयी नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच झाकले जाते. आपला रील आणि दोर अनुभवी बांधणाऱ्याला दाखवून मगच खरेदी करावी.

प्रश्न : टिप टॉप (रॉडच्या टोकावरचा गाइड) कशाने चिकटवावा?
उत्तर : उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने, म्हणजे कडी तडकल्यास हलकेच तापवून तो काढता येईल.