एसयूव्ही ८.२ वरून ९.१ झाली, म्हणजे कॅन्सर वाढला का?

प्रश्न : वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. केमोच्या आधी पेट स्कॅनमध्ये एसयूव्ही मॅक्स ८.२ होती, आता तीन सायकलनंतर दुसऱ्या सेंटरला केला तर ९.१ आली. गाठ तेवढीच आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, घरात सगळे घाबरलेत. औषध लागू पडत नाहीये का?

उत्तर : नुसत्या या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर रिपोर्टमधला हा एकच आकडा घेऊन घरोघरी जेवढी काळजी केली जाते तेवढा तो पक्का नसतोच. एसयूव्ही म्हणजे काय, तर टोचलेलं एफडीजी (स्कॅनसाठी देतात ते साखरेसारखं किरणोत्सारी औषध) सगळ्या अंगात सारखं पसरलं असतं तर आकडा १ आला असता, ९ म्हणजे त्या जागी सरासरीच्या नऊपट. आता हे गणित टोचलेला डोस आणि वजन यांच्यावर चालतं, त्यामुळे वजन काट्यावर न घेता नुसतं विचारून लिहिलं आणि ते चुकलं की आकडाही चुकतो. इंजेक्शननंतर साधारण ६० मिनिटांनी स्कॅन करतात, तो ९० मिनिटांनी झाला तर बऱ्याच गाठींचा आकडा आपोआप चढतो, कारण त्या एफडीजी ओढतच राहतात. रक्तातली शुगर जास्त असेल तर उलट गाठीत कमी जातं. त्यात मशीन आणि सॉफ्टवेअर बदललं की मॅक्स आणखी हलतो, कारण तो अख्ख्या गाठीचा नसून सगळ्यात तेजस्वी अशा एका ठिपक्याचा असतो.

८.२ ते ९.१ म्हणजे साधारण ११ टक्के. एवढा फरक उपचार न बदलता, त्याच पेशंटचा स्कॅन काही दिवसांत परत केला तरी येऊ शकतो. पेट स्कॅनवरून उपचार लागू पडतोय का हे ठरवायच्या २००९ च्या पर्सिस्ट निकषांमध्येही बदल खरा धरायला निदान ३० टक्के लागतात, आणि तेसुद्धा दोन्ही स्कॅन सारख्या पद्धतीने झाले असतील तरच (शिवाय ते मॅक्सवर नाही, पीक नावाच्या वेगळ्या मापावर बघतात).

दोन्ही रिपोर्टमध्ये लिव्हरची एसयूव्ही दिलीय का बघा. तीही त्याच प्रमाणात वाढली असेल तर गडबड मोजणीची असण्याची शक्यता जास्त. मात्र कुठे नवीन जागा उजळलीय असं लिहिलं असेल तर ती गोष्ट या आकड्यापेक्षा महत्त्वाची, तीही इन्फेक्शनने उजळू शकते, पण ते डॉक्टरच ठरवतील. नुसते कागद नेऊ नका, दोन्ही स्कॅनच्या सीडी न्या आणि पुढचा स्कॅन शक्यतो एकाच सेंटरला करा. तोवर केमोची तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका.