हॅलोविनचा खाऊ: हौस कागदावर करा, खाण्यावर नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: न्यू जर्सीत येऊन चार महिने झालेत, लेक पहिलीत आहे, वर्गात चोवीस मुलं आहेत. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, वर्गासाठी घरचे बेसनाचे लाडू, हातानं केलेल्या भोपळ्याच्या डब्यांतून पाठवायचे आहेत. शिवाय भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये थोडी कागदी सजावट करायची आहे, आणि त्यासाठी कागद कापायचं मशीन घ्यावं का, हेही विचारलंय.

आधी लाडवांचं बोलू, कारण मीही तिथूनच सुरुवात केली होती. थोरला किंडरगार्टनमध्ये होता तेव्हा रात्री दोनपर्यंत बसून वीस डब्या केल्या, प्रत्येकीत एक लाडू, वर काजू. संध्याकाळी वीसच्या वीस डब्या दप्तरातून परत आल्या. सोबत चिठ्ठी, अगदी गोड शब्दांत: फक्त बंद पाकिटातला, घटकांची यादी असलेला खाऊ पाठवावा. पुढचा आठवडाभर आम्ही नाश्त्याला लाडू खाल्ले. शाळेचं काही चुकलं नव्हतं. साजूक तूप म्हणजे दूध आलं, वर काजू, आणि वर्गात कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

अमेरिकेत पाकिटावर ज्यांचा उल्लेख करणं बंधनकारक आहे असे नऊ घटक आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे वगैरे, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. तीळ १ जानेवारी २०२३ पासून या यादीत आला. त्यामुळे लाडू नाही तर निदान तिळाची चिक्की पाठवू, असा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्या.

म्हणून पहिलं काम म्हणजे शिक्षिकेला आजच मेल करा. तीन गोष्टी विचारा: खाऊ चालतो का, चालत असेल तर कोणता, आणि वर्गात ‘हॅलोविन’ साजरा होतो की नुसता ‘फॉल’चा, म्हणजे पानगळीच्या ऋतूचा, कार्यक्रम असतो. हा तिसरा प्रश्न बहुतेक नवीन आया विसरतात. काही शाळा भुतंखेतं मुद्दाम टाळतात, काही घरांमध्ये हा सण पाळत नाहीत. तसं असेल तर सांगाडे आणि कवट्या बाजूला ठेवून भोपळे, पानं, घुबडं करा. कागद तोच, कात्री तीच.

घरच्या खाण्याला इथे कायमच मज्जाव होता असं नाही. १९४७ मध्ये साखरेचं रेशनिंग संपल्यावर दारोदार खाऊ मागायची पद्धत देशभर जोरात पसरली, तेव्हा लोक घरी केलेले लाह्यांचे लाडू, कुकीज, सफरचंदं सर्रास देत. हो, लाह्यांचेच, म्हणजे पॉपकॉर्न पाकात वळून केलेले. मग १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका बापानं स्वतःच्याच मुलाला हॅलोविनच्या खाऊतून सायनाइड घातलं, आणि १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळल्यानं सात माणसं गेली. तेव्हापासून बंद वेष्टनाशिवाय कोणी काही घेईना. गंमत म्हणजे जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं बातम्या तपासल्या, तर दारोदार वाटलेल्या खाऊतून अनोळखी माणसानं एखाद्या मुलाचा जीव घेतल्याचं एकही खात्रीशीर प्रकरण त्यांना सापडलं नाही. भीती मात्र रुजली ती रुजलीच. तुम्ही-आम्ही ती एका दुपारी घालवू शकणार नाही, म्हणून दुकानातला खाऊ आणा आणि हौस वेष्टनावर करा.

खाऊ आणताना दोन गोष्टी बघा. छोट्या-छोट्या चॉकलेटांवर घटकांची यादी पुष्कळदा नसतेच, ती मोठ्या पिशवीवर छापलेली असते. आपण चॉकलेटं सुंदर पुड्यांत बांधतो आणि पिशवी कचऱ्यात टाकतो. मग शिक्षिका कशावरून ठरवणार? पिशवीचा तो यादीचा तुकडा कापून शिक्षिकेला द्या. दुसरं म्हणजे बऱ्याच गमी कँडीत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आपल्याकडच्या शाकाहारी मुलांनाच नाही, वर्गातल्या मुसलमान आणि ज्यू मुलांनाही ते अडचणीचं होतं.

आता पुडीचं सांगते. डब्यांचा नाद सोडा. आठ-दहा घड्यांची डबी चोवीस वेळा करायची, आणि मूल ती चार सेकंदांत फाडणार. मी गेली कित्येक वर्षं चार त्रिकोणी बाजूंची पुडी करते, दुधाच्या जुन्या तिकोनी टेट्रापॅकसारखी. वाण्याकडच्या कागदाच्या पुड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांच्या हाताला ती लगेच जमते.

इथला नेहमीचा कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा असतो. तो मधोमध कापा, म्हणजे साडेआठ बाय साडेपाचचे दोन तुकडे मिळतात. साडेआठची बाजू गोल वळवून अर्धा इंच एकावर एक चढवा आणि डबल साइड टेपनं चिकटवा. साडेपाच इंच उंचीची नळी तयार होते. खालचं तोंड चपटं करून अर्धा इंच दुमडा, टेप लावा. आता आत दोन-तीन चॉकलेटं टाका. वरचं तोंड मात्र आडव्या दिशेनं चपटं करायचं: खालची शिवण पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर. एवढ्यानं नळीची आपोआप तिकोनी पुडी होते, आणि पहिली पुडी झाली की मूल “परत दाखव” म्हणतंच.

नारिंगी कागदाला काळे त्रिकोणी डोळे लावले की भोपळा, पांढऱ्याला दोन गोल लावले की भूत, काळ्याला पिवळे डोळे आणि वर दोन कान लावले की मांजर. डोळे कागद सपाट असतानाच चिकटवा. नळी झाल्यावर चिकटवायला गेलात तर दाबायला आधार मिळत नाही आणि भूत चकणं होतं. (आमच्या घरी चकण्या भुतांना जास्त मागणी होती, पण ते वेगळं.)

कागद फार जाड घेऊ नका. कार्डस्टॉक म्हणून मिळतो तो पासष्ट पौंडी कागद, म्हणजे साधारण १७५ जीएसएमचा (चौरस मीटरला १७५ ग्रॅम), उभ्या डबीला छान असतो, पण या पुडीच्या शिवणीशी तो ताठ उभा राहतो आणि टेप उचकटते. प्रिंटरचा जरा चांगल्यातला रंगीत कागद पुरतो. स्टेपलर वापरू नका. सहा वर्षांचं मूल दातांनी उघडणार आणि पिन कुठे जाईल सांगता येत नाही. वरच्या टेपचं एक टोक जरासं दुमडून जीभ ठेवा, ओढलं की उघडतं. आणि खाऊ त्याच्या मूळ वेष्टनातच असू द्या. रंगीत कागद, शाई, गोंद यांचा उघड्या खाण्याला थेट स्पर्श नको.

याहून सोपं हवं असेल तर सँडविचची पारदर्शक झिपवाली पिशवी घ्या आणि वर घडी घातलेली कागदाची पट्टी चढवा. पिशवी साधारण साडेसहा इंच रुंद असते. पट्ट्या सरळ एकाखाली एक आखल्या, तर साडेसहा बाय चारच्या एका कागदात दोनच बसतात, साडेतीन ठेवली तर तीन. चोवीस मुलांना बाराऐवजी आठ कागद लागतात. शिवाय आतला खाऊ दिसतो, शिक्षिका खूश. घडीची रेघ आधी रिकाम्या रिफिलच्या बॉलपेननं फूटपट्टी धरून ओढून घ्या, कागद तिथेच मोडतो. त्यासाठी वेगळं हत्यार विकत मिळतं, मी आजवर घेतलेलं नाही.

खाऊ चालणारच नाही असं उत्तर आलं तर मला उलट आनंद होईल, कारण मग माझी सगळ्यात आवडती वस्तू करता येईल: पेन्सिलीवरचं वटवाघूळ. काळ्या कार्डस्टॉकचं चार-पाच इंचांचं वटवाघूळ कापायचं, पोटावर दोन आडव्या चिरा द्यायच्या आणि त्यांतून पेन्सिल सरकवायची. झालं! ना पिशवी, ना टेप. खाऊशिवायच्या अशा भेटींना आता इथे चांगली ओळख आहे. ‘फेअर’ या अन्न-अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेनं २०१४ पासून देशभर मोहीम चालवलीय. दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवला तर त्याचा अर्थ, या घरी खाण्याव्यतिरिक्तही काहीतरी मिळेल. खरा भोपळा रंगवायची गरज नाही, त्या रंगाचा कागदी भोपळा दारावर लावलात तरी लोकांना कळतं. अशा पेन्सिली त्या दाराशीही ठेवा.

आता सजावट. सगळीकडे थोडं-थोडं लावू नका, एकच जागा धरून भरा. माझं मत विचाराल तर आतल्या भिंतीवर वटवाघळांचा थवा. काळा कागद मधोमध दुमडून अर्ध्या वटवाघळाचा आकार कापायचा. साचा नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा, तीन आकारांत: मोठा, मधला, लहान. तीसेक झाली की पुरे. पंख अंगाशी जरासे वर मोडा आणि टेप फक्त पोटाला लावा. पंख भिंतीपासून सुटे राहिले की दिव्यात सावली पडते, आणि खरी मजा त्या सावलीचीच. दाराच्या खालच्या कोपऱ्यात लहान, दाट; वर जाता-जाता मोठी, विरळ. टेप रंगाऱ्यांची निळी घ्या, ती भिंतीचा रंग उपटत नाही. भाड्याच्या घरात डिपॉझिटचा प्रश्न असतो.

मुलांच्या कामाला मिळतो तो कन्स्ट्रक्शन पेपर इथे वापरू नका. उन्हाच्या खिडकीजवळ काळा कागद दोन आठवड्यांत विटकरी दिसायला लागतो आणि वटवाघळांची झुरळं होतात.

खिडकीसाठी आपल्या आकाशकंदिलाची अक्कल वापरा. काळ्या कागदात मांजराची, झाडाची, पडक्या घराची आकृती कोरून मागून नारिंगी-पिवळा पातळ टिश्यू कागद चिकटवायचा. दिवसा ते काहीच वाटत नाही, पण आत दिवा लागला की रस्त्यावरून बघत राहावं असं दिसतं. आत मेणबत्ती किंवा पणती मात्र अजिबात नको, बॅटरीचे दिवे एक-दोन डॉलरला मिळतात. कोळ्याचं जाळं तर आपण लहानपणी पताका कापायचो तसंच आहे: चौकोनी टिश्यू तीनदा तिरका दुमडायचा, मोकळ्या बाजूनं कमानी कापत जायच्या, कण्याच्या बाजूला हात लावायचा नाही.

दाराबाहेर काही लावण्याआधी इमारतीच्या ऑफिसला विचारा. आगीच्या नियमांमुळे काही इमारतींत कॉरिडॉरमध्ये कागद लावू देत नाहीत. आणि उघड्यावर क्रेप कागद तर कधीच नको. एका वर्षी मी जिन्याच्या पांढऱ्या कठड्याला नारिंगी क्रेपच्या झिरमिळ्या गुंडाळल्या, रात्री पाऊस आला, सकाळी कठडा केशरी. दोन दिवस घासत होते. तरी क्रेपवर माझा राग नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी १९०९ पासून हॅलोविनच्या सजावटीच्या पुस्तिका काढायची, आणि त्यांतला सगळा थाट याच कागदाचा होता. पण तो थाट घरातल्या पार्ट्यांचा! आत, कोरड्या खोलीत क्रेप आजही सुरेख दिसतो.

मशीन घेऊ नका, निदान यंदा नाही. चोवीस पुड्या आणि तीस वटवाघळं म्हणजे दोन संध्याकाळींचं काम आहे, फक्त एक-एक पुडी पुरी करत बसायचं नाही. आधी सगळे कागद कापा, मग सगळे डोळे चिकटवा, मग सगळ्या नळ्या. डोळे लेकीकडे द्या. चोवीसऐवजी अठ्ठावीस करा, एखादी चुरगळते, शिवाय शिक्षिका आणि मदतनीस धरायच्या असतात. चांगली टोकदार कात्री तेवढी घ्या. आणि १ नोव्हेंबरला दुकानात चक्कर मारा, नारिंगी-काळा कागद सवलतीत असतो. पुढच्या कंदिलाला नारिंगी चालतोच. २०२४ मध्ये इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले होते, तेव्हा आमच्या दारात रांगोळी, कंदील आणि वटवाघळं असं सगळं होतं. एका छोट्या सांगाड्यानं रांगोळी न पुसता उडी मारून खाऊ घेतला.

शिक्षिकेचं उत्तर आलं की इथेच लिहा. खाऊ कोणता ठरतोय ते कळलं की पुडीचं माप बदलावं लागेल का ते सांगते.