आधी प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बघा

विमान ओढत नाही म्हणून लगेच कार्ब्युरेटर उघडू नका. रोटॅक्स 912 (हलक्या विमानांचं इंजिन) असेल तर सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला 5,500च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) हवेत. 5,200च्या खाली अडकले तर पिच, म्हणजे पात्यांचा कोन, जास्त, इंजिन तापणार. 5,800च्या वर पळाले तर कमी. इग्निशन बंद, प्लगच्या टोप्या काढलेल्या, मगच पात्याला हात लावा. एका वेळी अर्धाच अंश फिरवा. सगळ्या पात्यांचा कोन हबपासून (मधल्या तुंब्यापासून) सारख्याच अंतरावर मोजा. फरक राहिला की थरथर गिअरबॉक्सला खाते.

मुरमाच्या धावपट्टीवर पात्याच्या पुढच्या कडेवरून रोज नख फिरवा. अडकलं, तर खडा लागलाय.

आणि मे महिन्यात संभाजीनगरला 42 अंशांत हवा 5,500 फुटांवरच्यासारखी विरळ असते. ती तूट पिचने भरत नाही. वजन उतरवा, पहाटे उडा.