ती मेणकिड्याची अळी वाटत नाही, फ्रेम आजच फ्रीजरमध्ये टाका

तुम्ही लिहिलंय की ब्रिस्बेनला आठवडाभर पाऊस लागला आणि नंतर मधमाश्यांची पेटी उघडली तर मध पातळ होऊन फेसाळलेला, सडक्या संत्र्यांसारखा वास, पोळ्याच्या फ्रेमवर अळ्यांचा बुजबुजाट. फोटो पाठवल्यावर ‘मेणकिडा (पोळ्यातलं मेण पोखरणारा पतंग) असेल, थांबून बघा’ असं उत्तर मिळालं. हे वाचून राहवलं नाही, कारण सिडनीत माझ्याकडे अगदी हेच घडलं होतं.

आधीच सांगतो, मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पण हे लक्षण स्मॉल हाइव्ह बीटलचं आहे. हा भुंगेरा मूळचा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला, ऑस्ट्रेलियात 2002 साली सापडला. दमट हवा त्याला फार मानवते.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. एक अळी चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा. भुंगेऱ्याच्या अळीला डोक्याजवळ पायांच्या तीनच जोड्या असतात आणि पाठीवर काट्यांच्या रांगा. मेणकिड्याच्या अळीला मागेही मऊ, आखूड पाय असतात आणि तिने पोखरलेल्या पोळ्यात जाळी दिसते. तुमच्या फोटोत जाळी कुठेच नाही, नुसती बुळबुळ आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात सातेरी (देशी मधमाशी) पाळणारे मेणकिड्यालाच वैतागलेले असतात, त्यामुळे आपल्या लोकांनाही आधी तोच आठवतो.

मी ज्या कार्यालयाकडे मदत मागितली (नाव घेत नाही), तिथेही फोटोवरूनच ‘मेणकिडा’ ठरवलं. नमुना आणून देऊ का विचारलं, तर गरज नाही म्हणाले. वर ‘पेटी उघडू नका, माश्या निस्तरतील’. दर फोनला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. तोवर अळ्या दारातून उतरून मातीत गेल्या, माश्या पेटी सोडून गेल्या आणि पुढे शेजारच्या पेट्यांतही काळे भुंगेरे पळताना दिसू लागले. त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. नमुना न बघता कोणी निदान केलं तर ते मानू नका, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. अळ्या डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि डबीच नेऊन द्या.

आता फ्रेमचं. बुळबुळीत झालेला मध गेला, तो खाऊ नका आणि माश्यांनाही घालू नका. अळ्यांसकट फ्रेम पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका. उणे 18 अंशांत एक दिवस पुरतो, मध भरलेला असेल तर दोन दिवस ठेवा. आजच, कारण पोसलेल्या अळ्या कोषात जायला मातीत उतरतात आणि तीन-चार आठवड्यांनी भुंगेरे होऊन वर येतात. पेटीभोवती जमिनीवर औषध ओतायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही, ती औषधं माश्यांनाही मारतात. तरी तुमच्या राज्याचे नियम बघून तुम्ही ठरवा.

माझं ठाम मत, पटलं तर घ्या: तेलाचे सापळे (भुंगेरे आत पडून तेलात बुडतात) लावाच, पण खरा इलाज म्हणजे माश्यांनी गच्च भरलेली पेटी. माश्या भुंगेऱ्यांना कोपऱ्यात कोंडून पहारा देतात, पण रिकाम्या फ्रेम जास्त असल्या की त्या पुरत नाहीत. म्हणून कमजोर वसाहतीवरची मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) उतरवा, पेटी उन्हात हलवा, आणि उतरवलेल्या कोठीतला मध फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत काढून घ्या. वसाहत मुळात कमजोर का झाली तेही बघा. 2022 मध्ये इथल्या न्यूकॅसलला व्हरोआ (माश्यांच्या अंगावर जगणारा, गोचिडीसारखा बारीक परजीवी) सापडल्यापासून मी पिठीसाखरेची चाचणी (माश्यांवर साखर टाकून तो झटकून मोजायचा) चुकवत नाही.

पेटीखाली माती आहे की काँक्रीट, आणि राणी दिसली का, एवढं कळवा. राणी असेल तर उरलेल्या माश्या लहान पेटीत कशा हलवायच्या ते सांगतो.